हजेरीपटावरचा सत्तावीस नंबर

आमच्या दहावीच्या वर्गातले मुलगे आठवड्याभरात सापडले. आम्ही मुली सापडायला मात्र चार महिने लागले!

कारण अगदी साधं. मुलग्यांची नावं होती तिथंच होती. आमची आडनावं बदललेली, कुणाकुणाचं तर पाळण्यातलं नावही लग्नात तांदळात लिहून पुसलेलं. शेवटी शोध घ्यायचा तो माहेराच्या पत्त्यावर. पण आमचं गाव चिपळूण. २००५ आणि २०२१ अशा दोन मोठ्या पुरांनंतर नदीकाठची कितीतरी बिऱ्हाडं उंचावर राहायला गेली. नाव गेलं, पत्ताही गेला. मुली सापडणार कशा?

माझा पत्ता भावाकडून मिळाला आणि २०२५ च्या मे महिन्यात, दहावीला वीस वर्षं झाली म्हणून भरणाऱ्या मेळाव्याचं बोलावणं आलं. खरं सांगू? मला जायचंच नव्हतं. कुणी इंजिनियर, कुणी परदेशात. आणि मी? घर सांभाळून अर्धा दिवस शाळेत शिकवणारी. "सध्या काय करतेस?" या प्रश्नाचीच धास्ती. पण हे म्हणाले, "जाऊन ये. मुलांचं मी बघतो." मग कराडहून चिपळूणची एस.टी. पकडली. २०२३ पासून बायकांना अर्धं तिकीट झाल्यापासून माहेर जरा जवळ आलंय, नाही का?

पाटण मागं पडलं, कोयनानगर गेलं आणि कुंभार्ली घाट सुरू झाला. करवंदांच्या जाळ्या, वळणावळणाला गरम होत जाणारा वारा आणि खाली दिसणारं कोकण. कराडच्या प्रीतिसंगमावर जी कोयना मी नेहमी पाहते, ती तिथं कृष्णेला मिळून पूर्वेच्या समुद्राकडे जाते. पण धरणात अडवलेलं तिचं बरंचसं पाणी डोंगराच्या पोटातल्या बोगद्यांतून पश्चिमेला वळवलंय. पोफळीला त्यावर वीज तयार होते आणि मग ते आमच्या वाशिष्ठीत उतरतं. म्हणजे मी सासरी घाटावर गेले आणि घाटावरची कोयना कोकणात नांदायला आली! तिचं नाव मात्र इथं कुणी घेत नाही. सगळे म्हणतात वाशिष्ठी.

शाळेचा चिऱ्यांचा व्हरांडा तोच होता. बाक मात्र लहान झाल्यासारखे वाटले. आमचे गणिताचे सर आता थकलेत, पण आवाज खणखणीत. त्यांनी एका वहीत जुन्या क्रमानं आमची माहेरची नावं लिहून आणली होती. हजेरी सुरू झाली. कितीतरी वर्षांनी कुणीतरी मला माझ्या वडिलांच्या नावासकट पुकारलं. "हजर!" म्हणताना घसा दाटून आला. माझा नंबर सव्वीस.

"सत्तावीस!"

कुणीच बोललं नाही. सर पुढं गेले. पण मी तिथंच अडकले. सत्तावीस नंबर म्हणजे माझ्या बाकावरची मैत्रीण. दहावीला तिला माझ्यापेक्षा अकरा टक्के जास्त होते. निकाल लागला, अकरावीच्या प्रवेशाची धावपळ झाली आणि २६ जुलै २००५ ला पूर आला. बाजारपेठेतलं तिच्या वडिलांचं कासाराचं दुकान पार धुऊन गेलं. तिची अकरावी राहिली ती राहिलीच. मी कॉलेजात रमले. पहिले काही महिने जात होते तिच्याकडे. मग जाणं कमी झालं, मग थांबलं. २२ जुलै २०२१ ला दूरदर्शनच्या पडद्यावर पुन्हा बुडालेलं चिपळूण पाहिलं. एस.टी.चे आगार व्यवस्थापक नऊ लाखांची रोकड जपत तासन्‌तास बसच्या टपावर बसल्याची बातमी ऐकली. तेव्हा तिची आठवण येऊन पोटात कालवलं. पण तिचा नंबर नव्हता, आणि शोधायचे कष्ट मी घेतले नाहीत.

जेवणाची पंगत उठली तशी मी बाजारपेठेत गेले. दुकान तिथंच होतं! आणि गल्ल्यावर तीच. लग्नसराईचा रविवार, नवरीकडच्या बायकांचा घोळका. मला पाहून तिनं एका हातानं बसायची खूण केली, दुसरा हात नवरीचा चुडा भरण्यात गुंतलेला.

गर्दी ओसरल्यावर म्हणाली, "बोलावणं आलं होतं गं. पण विचारलं असतं, काय करतेस, तर काय सांगायचं? बांगड्या भरते?"

मला हसावं की रडावं कळेना. "अगं, मीसुद्धा याच भीतीनं येणार नव्हते!"

ती पाहतच राहिली. मग तिनं भिंतीवरच्या दोन रेघा दाखवल्या. खालची २००५ ची, वरची २०२१ ची. वडील गेल्यानंतर दुकान तिनंच हाती घेतलं. दोन वेळा चिखल उपसून ते पुन्हा उभं राहिलं होतं. नव्या फळ्या तिनं वरच्या रेघेच्याही वर ठोकून घेतल्या होत्या. "आता पाऊस लागला की काचेचा माल आधी वर," ती म्हणाली. नदीतला गाळ किती काढला, पाणी कुठून शिरतं, उधाणाची भरती कधी, सगळं तिला तोंडपाठ. गणितात पहिली येणारी ती हीच!

मी हिरव्या बांगड्या भरून घेतल्या. पैसे दिले आणि तिनं ते मोजून घेतले. त्यामुळे मला उलट बरं वाटलं. मेळाव्याला ये म्हटलं, तर म्हणाली, "गिऱ्हाईक सोडून कशी येऊ?" मग मी तिथूनच सरांना फोन लावला. "सर, सत्तावीस नंबर हजर आहे." आणि फोन तिच्या कानाला लावला. सर काय बोलले ते मला ऐकू आलं नाही. ती मात्र पदरानं डोळे पुसत एवढंच म्हणाली, "हो सर. दुकान मीच चालवते."

मैत्रिणींनो, एक करा. आपल्याजवळ हिशेबाची वही असतेच. तिच्या शेवटच्या पानावर आपल्या शाळेतल्या मैत्रिणींची नावं लिहा, माहेरची आणि सासरची, दोन्ही. समोर फोन नंबर. ज्या नंबरची जागा रिकामी राहील, तिथं आधी जा. मी वीस वर्षं उशिरा गेले.

परतताना कुंभार्ली चढताना हातात बांगड्या किणकिणत होत्या. तिनं माझा नंबर पाठ म्हणून दाखवला होता. मला तिचा अजून पाठ झालेला नाही. म्हणून वहीत लिहून ठेवलाय.