नाण्यावरचें नांव

प्राचीन नाणें हातीं आलें म्हणजे दृष्टि प्रथम त्यावरील चेहऱ्याकडे जाते, आणि ओळख पटविण्याच्या कामांत पहिली फसगत होते ती तेथेंच. नुकतींच मीं ग्रीक व रोमन मिळून पांच नाणीं विकत घेतलीं. त्यांतील मोठ्या चांदीच्या नाण्यावर सिंहाचें कातडें मस्तकावर ओढलेला तरुण पाहून घरांतील मंडळींनीं ‘हा अलेक्झांडर!’ असा एकमुखानें निकाल दिला. वस्तुतः तो हेराक्लीज. पाठीमागें सिंहासनस्थ झ्यूस, त्याच्या हातावर गरुड, आणि बाजूस ग्रीक अक्षरांत ‘अलेक्झांडरचें’ एवढाच षष्ठ्यन्त शब्द. ‘नाणें’ हें पद अध्याहृत.

नांव वाचलें म्हणजे काम संपलें असें कोणासही वाटेल. पण अलेक्झांडर इ.स.पू. 323 मध्यें वारला तरी त्याच्या नांवाचीं नाणीं पडतच राहिलीं. काळ्या समुद्राकांठच्या ओडेसस नगरानें तर तीं इ.स.पू. पहिल्या शतकापर्यंत पाडलीं. व्यापाराला राजा जिवंत लागत नाहीं, ओळखीची चांदी लागते. म्हणून नांव सोडून झ्यूसचे पाय पाहावयाचे! राजाच्या हयातींतील बहुतेक नाण्यांवर ते शेजारीं शेजारीं ठेवलेले असतात. पुढें पुष्कळ टांकसाळींत पायावर पाय चढला. माझ्या झ्यूसचा पाय चढलेला आहे, चकतीही रुंद व पातळ आहे. तेव्हां तें अलेक्झांडरच्या मागून बऱ्याच काळानें पाडलेलें. मंडळींचा विरस झाला. मला मात्र मेलेल्या राजाची ही पत जिवंत राजाच्या मुखवट्याहून अधिक नवलाची वाटते.

रोमन नाणीं त्या मानानें बोलकीं. हेड्रियनच्या नाण्यावर ‘तिसऱ्यांदा कॉन्सल’ असें आहे. तो मान त्यास इ.स. 119 मध्यें मिळाला, आणि चौथ्यांदा त्यानें तो घेतलाच नाहीं; म्हणजे 138 पर्यंतचें कोणतेंही वर्ष संभवतें. पण पुढें ‘देशपिता’ या पदवीचीं दोन आद्याक्षरें आहेत, व ती त्यानें 128 मध्यें स्वीकारली. दोन अक्षरांनीं नऊ वर्षें कमी केलीं!

चौथ्या शतकांतील दोन तांब्याच्या नाण्यांवर समोरासमोर दोन सैनिक उभे आहेत. येथें ध्वज मोजावे. दोन ध्वज असलीं तीं साधारण 330 ते 335 मधलीं. पुढें नाणें हलकें झालें आणि ध्वज एकच उरला. तळाशीं अँटिऑकच्या टांकसाळीचीं अक्षरें भिंगाखालीं लागलीं. पांचवें नाणें दोन्ही बाजूंनीं गुळगुळीत; त्याचें वजन तेवढें टिपलें.

परंतु तीं सांपडलीं कोठें, हें भिंग सांगत नाहीं, तराजू सांगत नाहीं. नाशिकजवळ जोगळटेंभी येथें 1906 मध्यें नहपानाचीं तेरा हजारांवर चांदीचीं नाणीं निघालीं; त्यांवर ग्रीक अक्षरेंही आहेत. त्यांपैकीं नऊ हजारांवर नाण्यांवर गौतमीपुत्र सातकर्णीनें आपला ठसा मारलेला होता. तीं एका जागीं, एका ठेव्यांत मिळालीं, म्हणूनच एका राजाचा पराभव त्यांतून इतका ठसठशीत वाचतां आला. तींच सुटीं सुटीं बाजारांत पांगलीं असतीं, तर ती साक्ष मुकी झाली असती.

माझ्या पांच पाकिटांवर राजा, टांकसाळ, काल व वजन यांच्याखालीं ‘प्राप्तिस्थान’ असा एक रकाना आहे. विक्रेत्यास पत्र घातलें. ‘एका जुन्या संग्रहांतून’ एवढेंच उत्तर आलें. तें मीं पांचही पाकिटांवर, अवतरणचिन्हांत, लिहून ठेविलें आहे.