ज्याचा आकडा त्याच्या हाती

वर्ध्यात राहून यंत्रांविषयी लिहू लागले, की गांधीजी आडवे येतातच. ‘हिंद स्वराज्य’मध्ये (१९०९) यंत्रांवर आणि डॉक्टरांवर कठोर टीका करणाऱ्या या माणसाच्या कमरेला मात्र घड्याळ असे, येरवड्याच्या तुरुंगात आकाराला आलेला पेटी-चरखाही सहज बरोबर नेता येण्याजोगा होता. उत्तरायुष्यात त्यांना रक्तदाबाचा विकार जडला. फेब्रुवारी १९४० मधली एक नोंद २२०/११० अशी आहे. डॉ. सुशीला नय्यर त्यांच्या प्रकृतीवर लक्ष ठेवत; पण फिरणे, मोजके खाणे, ठरल्या वेळी कातणे हा नेम त्यांचा स्वतःचा होता.

हे आठवण्याचे कारण घरचेच. आमच्या आईला गेली एकवीस वर्षे मधुमेह आहे. तिच्यासाठी घरात ग्लुकोमीटर आला आणि रोजचा आकडा कुटुंबाच्या व्हॉट्सॲप गटावर जाऊ लागला. फोन पावले मोजू लागला. काही महिन्यांनी आई शांतपणे म्हणाली, “तुम्हांला बरं वाटावं म्हणून मी चांगल्या दिवशीच मोजते. यापुढे आकडे माझ्या वहीत राहतील; डॉक्टरांना मी दाखवीन.”

तेव्हापासून तिची वही बोलू लागली. एकादशीला साबुदाण्याच्या खिचडीनंतर दोन तासांनी २४८. पुढच्या एकादशीला अर्धीच वाटी, सोबत दही, नंतर अंगणात वीस मिनिटे फेऱ्या, आणि १८६. कुणी उपदेश केला नव्हता. आषाढात एका रात्री घाम फुटून तिला जाग आली. यंत्राने ६२ दाखवले. तिने साखरपाणी घेतले, आम्हांला हाक मारली आणि पंधरा मिनिटांनी पुन्हा मोजले. त्या रात्री ते यंत्र तिच्या उशाशी होते आणि त्याची भाषा तिला येत होती, एवढ्यावरच सारे निभावले.

दीर्घ आजारात रुग्णाचे शरीर हळूहळू इतरांच्या ताब्यात जाते. काळजी आणि पाळत यांतले अंतर पुसट होते. खिशात मावणारे यंत्र हे दोन्हीही करू शकते. आकडा प्रथम कोणाच्या उपयोगी पडतो, यावर ते ठरते. दुसऱ्याने कातलेल्या सुताचेही कापड होते. नेम मात्र ज्याचा त्यालाच कातावा लागतो. जवळच्यांनी हाकेच्या अंतरावर असावे, इतकेच.