जुलैतली पिठी मे महिन्यात ठरते

जुलैच्या मध्यावर रत्नागिरीच्या बाजारात चक्कर मारलीत तर कोबी, फ्लॉवर, टोमॅटो, सिमला मिरची असं जे काही दिसेल ते जवळजवळ सगळं घाटावरचं. कोल्हापूर-बेळगावकडचे टेम्पो आंबा घाट उतरले की आमच्या पिशव्या भरतात, घाटात दरड आली की रिकाम्या राहतात. मासळीचंही तेच. १ जून ते ३१ जुलै यांत्रिक बोटींना मासेमारी बंद, त्यामुळे मिरकरवाडा बंदरात शुकशुकाट. वर्षाला तीन हजार मिलिमीटरच्या वर पडणारा आमचा पाऊस त्यातला मोठा वाटा याच दिवसांत उरकून घेत असतो. अशा वेळी मला फोन येतात. ‘बाई, घरात काहीच नाहीये. काय करू?’

फोन करणारी माझीच विद्यार्थी मंडळी. मी नोकरीत होते तोवर गृहविज्ञान शिकवलं, आता घरीच स्वयंपाकाचे वर्ग घेते. नोकरीसाठी पुण्या-मुंबईला निघालेली मुलं-मुली जास्त येतात. अलीकडे उतारवयात एकटे राहायची वेळ आलेले काकाही येऊ लागलेत, आणि खरं सांगायचं तर तेच सगळ्यात मन लावून शिकतात.

पहिल्या दिवशी गॅस पेटवायचा नाही, असा माझा नियम आहे. प्रत्येकानं आपलं फडताळ, फ्रिज, माळा बघून यायचं आणि जे सापडेल ते कागदावर उतरवायचं. ‘काहीच नाही’ म्हणणाऱ्याचा कागद हमखास दोन्ही बाजूंनी भरतो. तांदूळ, तूरडाळ, पोहे, रवा, गूळ, चिंच, कांदे-बटाटे, अर्धा नारळ. शिवाय आईनं दिलेली आणि गाठही न सोडलेली कुळथाच्या पिठाची पिशवी, आमसुलं, पोह्याचे पापड. ‘काहीच नाही’चा अर्थ ‘ताजी भाजी नाही’ एवढाच असतो. ताज्या भाजीवाचून जेवण होत नाही ही समजूत कोकणात तरी नवीच म्हणायची. आमच्या आज्यांच्या वेळी पावसाळ्याचे चार महिने बाजार असा जवळपास नव्हताच.

आज्या आगोटीची, म्हणजे पावसाळ्याच्या बेगमीची, तयारी करत. मे महिन्यात अंगण रिकामं दिसायचं नाही. एकीकडे आमसुलं वाळतायत, दुसरीकडे कैरीच्या फोडींची आंबोशी, तिसरीकडे फणसाची साठं. फणसाचे कच्चे गरे मिठात खारवून बरणीत जात. आठळ्या मातीत किंवा राखेत पुरून ठेवत. कडवे वाल, काळे वाटाणे, कुळीथ उन्हं दाखवून डब्यात. मासे खाणाऱ्या घरांत जवळा, सोडे, सुके बोंबील. पुढे भाद्रपदाच्या सुमारास वेलावरची तवशी आणि भोपळे उतरले की केळीच्या दोरानं वाशाला टांगायचे. हे सगळं करताना ‘जुलैच्या अमुक मंगळवारी अमुक पदार्थ’ असा बेत कुणी आखत नव्हतं. पण त्या मंगळवारी ऐनवेळी काय सुचेल, हे मे महिन्यातच ठरून जात होतं. ऐनवेळच्या स्वयंपाकाला कल्पकता लागते असं सगळे म्हणतात. माझ्या मते कल्पकता थोडी कमी असली तरी चालते. फडताळ शहाणं लागतं.

याचा उत्तम नमुना म्हणजे कुळथाची पिठी. कुळीथ खमंग भाजायचे, भरडून सालं पाखडायची आणि मग दळायचे. भाजण्यामुळे ओलावा जातो, कच्चट वास जातो आणि पीठ टिकतं. म्हणजे कडधान्य शिजायला जो वेळ लागतो त्यातला बराचसा आपण आधीच खर्चून ठेवलेला असतो. दोन माणसांना चार चमचे पीठ आणि अडीच वाट्या पाणी. तेलात मोहरी, हिंग, भरपूर ठेचलेला लसूण, मिरची; पाणी ओतायचं, दोन आमसुलं, मीठ; पाण्यात कालवलेलं पीठ हळूहळू सोडत ढवळायचं. उकळी येऊन पिठी दाटली की पाच-सात मिनिटं मंद आचेवर. तोवर भात झालेला असतो. कुळथात शंभर ग्रॅममागे सुमारे बावीस ग्रॅम प्रथिनं असतात. तांदळात ज्या अमिनो आम्लाची, लायसिनची, उणीव असते ते कुळथातून मिळतं. पिठी-भाताला गरिबाचं जेवण म्हणून नाक मुरडणाऱ्यांना मी हा हिशेब मुद्दाम ऐकवते.

पण मला पिठी आवडते ती दुसऱ्याच कारणासाठी. तिच्यात काहीही सामावतं. उकडलेल्या आठळ्या ठेचून घाला, कांदा परतून घाला, भिजवलेले सोडे घाला, उरलेली वांग्याची भाजी ढकला. लसूण संपला तर हिंग वाढवा. आमसूल संपलं तर चिंच. अशा पदार्थापासून शिकायला सुरुवात करावी. पुरणपोळीपासून करू नये, कारण पुरणपोळी चूक खपवून घेत नाही.

आता आंबटाकडे वळते, कारण माझ्या वर्गात सगळ्यात जास्त गोंधळ तिथेच होतो. ‘टोमॅटो नाही म्हणून आमटी केली नाही,’ असं रत्नागिरीत राहून कुणी म्हणालं की मला राग येतो. टोमॅटो आमटीत दोन कामं करतो, आंबटपणा आणतो आणि थोडा दाटपणाही. आमसूल फक्त पहिलं काम करतं. चार माणसांच्या आमटीला तीन-चार पुरतात, पण आमटी पातळच राहते. चिंचेचा कोळ दोन्ही करतो. आंबोशीला आधी भिजवणं आणि मग शिजणं लागतं. ताक आंबट खरं, पण नुसतं उकळलं तर फुटतं. त्याला तांदळाचं किंवा बेसनाचं पीठ लावूनच आचेवर ठेवायचं. नारळाच्या दुधात आगळ घातलं तर ते आचेवर न्यायचंच नाही, म्हणून तर सोलकढी उकळत नाहीत. एकाच्या जागी दुसरं घालताना पहिलं नेमकं काय काम करत होतं ते विचारायचं. एवढा प्रश्न ज्याला पडतो त्याला पाककृती पाठ करावी लागत नाही.

आंबट कधी घालायचं, हेही तितकंच महत्त्वाचं. काळे वाटाणे किंवा वाल अर्धवट शिजलेले असताना आमसूल टाकलं की ते तिथेच अडून बसतात, कितीही शिट्ट्या करा. वनस्पतीच्या पेशी एकमेकींना धरून ठेवणारं पेक्टिन आम्लात नीट विरघळत नाही, म्हणून दाणा मऊ पडत नाही. बटाट्याचंही तसंच. आधी शिजू द्यायचं, मग आंबट. हीच गोष्ट उलटी वापरता येते: रश्शात फोडी अखंड हव्यात तर आंबट जरा लवकर.

दाटपणा आणण्यासाठी आमच्याकडे ओल्या नारळाचं वाटण सर्रास वापरतात. नारळ असला तर प्रश्नच नाही. नसला तर सुकं खोबरं भाजून, तेही नसलं तर चमचाभर तांदळाचं पीठ, नाहीतर त्याच भाजीतल्या दोन-चार आठळ्या किंवा बटाट्याच्या फोडी पळीनं कुस्करून. शेवटचा उपाय मला सगळ्यात पसंत, कारण त्यात चव फिकी होत नाही.

परसात उगवतं त्याबद्दल थोडं सांगायला हवं. टाकळा, कुर्डू, भारंगी, अळू ही पावसातली फुकटची भाजी. टाकळा कोवळा असतानाच खुडायचा, पुढे तो राठ होतो. अळू खाजतं ते कॅल्शियम ऑक्झलेटच्या सुयांमुळे, म्हणून ते पुरतं शिजवतात आणि चिंच किंवा आमसूल घालतात. जी पानं ओळखता येत नाहीत ती तोडायची नाहीत, इथे सुगरणपणा दाखवायचा नाही.

शिळ्या भाताबद्दलही माझं मत ठाम आहे. फोडणीचा भात, दहीभात, कांदा-मिरची आणि पीठ घालून वडे, काय वाटेल ते करा. पण भात रात्रभर कोमट पातेल्यात ओट्यावर राहिला असेल तर टाका. भातातल्या काही जिवाणूंची बीजं शिजवूनही मरत नाहीत, दमट उबेत ती वाढतात आणि त्यांनी तयार केलेलं विष पुन्हा गरम केल्यानं जातही नाही. उरणार असं दिसलं की पसरट ताटात गार करून लगेच फ्रिजमध्ये ठेवावा. काटकसरीच्या नावाखाली पोट बिघडवून घेणारी घरं मी पाहिली आहेत.

बेगमीचं कौतुक करताना तिची मर्यादाही सांगितली पाहिजे. ३ जून २०२० रोजी निसर्ग चक्रीवादळानं दापोली-मंडणगडकडे घरांचे पत्रे उडवले तेव्हा माळ्यावरची वर्षाची बेगमीही भिजली. जिथे छप्पर राहिलं तिथेही वीज कित्येक दिवस नव्हती. मिक्सर बंद, फ्रिज बंद. ज्या घरात पाटा-वरवंटा जागेवर होता त्यांचं वाटण अडलं नाही. पुढच्याच वर्षी, २२ जुलै २०२१ला वाशिष्ठीचं पाणी चिपळुणात शिरलं आणि तळमजल्यावरची स्वयंपाकघरं डब्यांसकट बुडाली. त्याच पावसात आंबा घाटही खचला आणि रत्नागिरीतली भाजी अडली. चिपळूणकरांना ‘फडताळ उघडा’ असं सांगायला तोंड नव्हतं. तिथे शेजारच्या गावांतून भाकऱ्या बांधून न्याव्या लागल्या. रत्नागिरीत मात्र ज्यांच्या घरी कुळीथ-वाल होते त्यांना तो आठवडा फारसा जाणवला नाही.

तेव्हापासून मी वर्गात विजेशिवायचा आणि चुलीशिवायचा असे दोन्ही पदार्थ शिकवते. पहिल्यासाठी ताकातली उकड: आंबट ताक, तांदळाचं पीठ, लसूण-मिरचीची फोडणी, एक पळी आणि एक कढई. दुसऱ्यासाठी दडपे पोहे. पातळ पोहे, खवलेला नारळ, नारळाचं पाणी, बारीक कांदा, मिरची, मीठ, लिंबू; सगळं कालवून वर वजन ठेवून दडपायचं. फोडणी जमली तर उत्तम, नाही जमली तरी अडत नाही.

पाककृतींच्या पुस्तकांविषयी विचारतात म्हणून सांगते. कमलाबाई ओगल्यांचं १९७०चं ‘रुचिरा’ माझ्याकडे आहे, पानं सुटी झालेली. वाटी-चमच्याच्या मापानं त्यांनी कितीतरी नवख्या हातांना धीर दिला. पण कुठल्याही पुस्तकात आधी साहित्याची यादी असते आणि ती वाचून माणूस पिशवी घेऊन बाजाराकडे निघतो. मी मुलांना यादी शेवटी वाचायला सांगते. आधी कृती वाचा, त्यात काय परतलंय, कशानं दाट केलंय, आंबट कधी पडलंय ते बघा, मग आपल्या डब्यांकडे वळा. मोबाईलवर शोधतानाही हेच. तिथे तर प्रत्येक साध्या भाजीत क्रीम आणि कसुरी मेथी असते!

पावसाळा सरला की आमच्याकडे भात कापून होतो आणि त्या शेतातल्या उरल्या ओलीवर कुळीथ पेरायची गडबड चालू होते. दापोलीच्या कोकण कृषी विद्यापीठाचं ‘दापोली कुळीथ १’ हे वाण त्यासाठीच आहे. माघ-फाल्गुनात नवा कुळीथ बाजारात येतो. तेव्हा दोन किलो घ्या, उन्हं दाखवा, मंद आचेवर भाजा आणि ओळखीच्या गिरणीतून दळून आणा. पुण्या-मुंबईत असाल तर गावाकडून येणाऱ्या कुणाच्या तरी पिशवीत पाव किलो आमसुलंही सांगून ठेवा. पीठ कोरड्या काचेच्या बरणीत भरा आणि बरणी माळ्यावर टाकू नका, गॅसजवळ हाताला येईल अशी ठेवा.