दुपारचे तीन तास

बारावीनंतर शिकायला साताऱ्याला निघाले, तेव्हा भेटेल तो एकच सांगत होता, "आता फक्त अभ्यास कर, बाकी कशात लक्ष घालू नकोस." सांगणाऱ्यांच्या मनात माया होती. पण कॉलेजची वर्षं चांगली जायची तर नुसता अभ्यास पुरत नाही, हे मी आज ठासून सांगेन. माझी वर्षं चांगली गेली ती दुपारी मातीत हात घातल्यामुळे, सकाळी किल्ला चढल्यामुळे आणि चारचौघींत बसून जेवल्यामुळे. अभ्यास त्यांच्या पाठोपाठ आला.

पहिलं सत्र जड गेलं. दहावीपर्यंतची शाळा मराठी आणि बी.एस्सी.ची लेक्चरं सगळी इंग्रजीत. होस्टेलच्या खोलीत आम्ही चौघी चार भिंतींकडे तोंडं करून वाचत बसायचो. सकाळी चहा-बिस्कीट, रात्री जागरण, दुसऱ्या दिवशी वर्गात डोळ्यांवर झापड. अंगावरचे कपडे सैल झाले. आईचा फोन आला की "बरं आहे" म्हणायचं आणि ठेवायचा.

दिवाळीनंतर वनस्पतीशास्त्राच्या मॅडमनी बोलावून घेतलं. "'कमवा आणि शिका'त नाव घालतेस का? विभागातच काम आहे."

साताऱ्यात या शब्दांना वजन आहे. कर्मवीर भाऊराव पाटलांनी १९१९ मध्ये कराड तालुक्यातल्या काले गावी रयत शिक्षण संस्था काढली. १९२४ मध्ये साताऱ्यात बोर्डिंग सुरू केलं. तिथे सगळ्या जातिधर्मांची पोरं एका पंगतीला बसत आणि पडेल ते काम करत. त्या पोरांच्या पोटाला घालायला कर्मवीरांच्या पत्नी लक्ष्मीबाईंनी अंगावरचे दागिने मोडले. १९४७ मध्ये छत्रपती शिवाजी कॉलेज निघालं, तेही राबून शिकायच्या याच रिवाजावर. आमच्याकडे जुनी माणसं हे घरातली गोष्ट सांगावी तसं सांगतात. त्यामुळे कामाची लाज वाटायचा प्रश्नच नव्हता. मी त्याच दिवशी अर्ज भरला.

प्रॅक्टिकल आटोपलं की तीन तास काम. आधी विभागाच्या बागेला पाणी घालायचं, कुंड्यांची माती उकरायची, मग हर्बेरियम, म्हणजे वाळवलेल्या झाडांचा संग्रह. ते काम मला प्रयोगशाळेतल्या मामांनी शिकवलं. फांदी वर्तमानपत्राच्या रद्दीवर पसरायची, पानावर पान चढू द्यायचं नाही. एखादं पान मुद्दाम उलटं ठेवायचं, म्हणजे वाळल्यावर पाठीमागच्या शिराही दिसतात. वर पुन्हा कागद, पुन्हा फांदी, असे थर रचून लाकडी प्रेसचे पट्टे आवळायचे. कागद रोज बदलायचे, नाहीतर बुरशी धरते. झाड पुरतं वाळलं की जाड शीटवर दोऱ्याचे टाके घालून बसवायचं आणि खाली उजव्या कोपऱ्यात लेबल लावायचं: शास्त्रीय नाव, कुळ, ठिकाण, तारीख, गोळा करणाऱ्याचं नाव. मामा टाका घालताना देठाला धक्कासुद्धा लागू द्यायचे नाहीत. "वाळलेलं झाड रागीट असतं, दांडगाई केली की तुटतं," म्हणायचे.

साताऱ्यात वनस्पतीशास्त्र म्हटलं की सगळे कासचं नाव काढतात. २०१२ मध्ये पश्चिम घाटाला जागतिक वारसा म्हणून मान्यता मिळाली, त्यात कासचं पठारही आहे. पण तिथलं फूल तोडायचं नसतं. ते आम्ही डोळ्यांनी बघून आलो. सीतेची आसवं म्हणतात ते जांभळं फूल चिमुकले किडे पकडून जगणाऱ्या झाडाचं आहे, हे तिथे गुडघे टेकून बघताना कळलं. शीटसाठीची झाडं आणली ती मात्र रस्त्याकडेची आणि बांधावरची: आघाडा, माका, कुर्डू, टाकळा, एकदांडी. ही सगळी माझ्या ओळखीची. आजीबरोबर खुरपायला जायचे तेव्हापासूनची. वर्गात ज्या लॅटिन नावांनी घाम फुटायचा, ती इथे आपोआप तोंडात बसायला लागली. आघाडा म्हणजे अकिरँथस आस्पेरा, माका म्हणजे एक्लिप्टा. कुर्डूची कोवळी भाजी आम्ही खातो हे मी सहज बोलून गेले, तर मॅडमनी ते वर्गापुढे पुन्हा सांगायला लावलं. त्या दिवसापासून मी वर्गात बोलायला लागले.

जेवणाचं गणित एसटीने सोडवलं. पुसेगावकडून येणाऱ्या सकाळच्या गाडीत आईचा डबा यायचा. स्टँडच्या एका कोपऱ्यात गावोगावचे डबे ओळीने लागत, झाकणावर ऑइलपेंटने नावं घातलेली. भाकरी, मेथी, ठेचा आणि कधी चिठ्ठी. डबा संध्याकाळच्या गाडीने परत जायचा. रिकामा डबा धाडू नये म्हणून मी त्यात कधी पेरू, पगाराच्या दिवशी दोन कंदी पेढे ठेवायचे. खोलीत हे चौघींचं झालं. कोरेगावची, फलटणची, दहिवडीची, प्रत्येकीच्या घरचं काहीतरी मधोमध यायला लागलं. एकत्र जेवणाऱ्या मुली आजारपण लपवू शकत नाहीत आणि रडूही लपवू शकत नाहीत. माझ्या मते होस्टेलमधलं सगळ्यात मोठं संरक्षण तेच.

जेवणानंतर आम्ही मोठ्याने अभ्यास करायला लागलो. एकीने इंग्रजी उतारा वाचायचा, दुसरीने तो मराठीत समजावायचा, तिसरीने शंका काढायच्या. समजावणारीला धडा सगळ्यात पक्का व्हायचा. रात्री अकराला दिवा बंद, हा नियम दहिवडीच्या मैत्रिणीने घातला आणि तो आम्ही परीक्षेतही मोडला नाही. दिवसभर वाचलेलं झोपेत मुरतं. हे आता विज्ञानही सांगतं, पण आम्हाला ते पेपर लिहिताना हाताला जाणवलं. पहाटे अजिंक्यतारा किल्ला चढायचो. मंगळाईच्या देवळाशी टेकून पाणी प्यायचो आणि खाली उतरताना एकमेकींना प्रश्न विचारायचो. थंडीत बोटं गारठायची, तरी पहिल्या तासाला डोकं लख्ख असायचं.

पैसे फार मिळत नसत. पहिल्या पगारात मी एक चांगलं भिंग घेतलं, त्यानंतर परीक्षेची फी मी भरायला लागले. घरी कांद्याचा भाव पडला त्या वर्षी आई-बाबांना त्या फीसाठी कुणाकडे हात पसरावा लागला नाही. याचा मला डिग्रीइतकाच अभिमान आहे.

या जूनमध्ये मावशीची धाकटी साताऱ्याला येतेय. मावशी म्हणते, "तिला काम नको गं, नुसतं शिकू दे." मी मावशीजवळ बसून हे सगळं सांगितलं. धाकटीला सांगितलंय की पहिल्याच आठवड्यात खोलीतल्या मुलींबरोबर जेवायला बस, विभागातल्या एका तरी मॅडमना स्वतःहून जाऊन भेट आणि अर्ज कधी निघतात ते नोटीस बोर्डावर बघत राहा. मावशी अजून तयार नाही. धाकटीने अर्जाला लागणाऱ्या कागदांची यादी मात्र माझ्याकडून लिहून घेतली आहे.