उपरोधाचे दोन डोळे

कथेतला उपरोध ओळखायचा म्हणजे लेखकाच्या शब्दांचा उलटा अर्थ लावायचा, असे शाळेतल्या व्याजस्तुतीच्या व्याख्येपासून आपल्या मनावर बिंबलेले असते. चांगल्या लघुकथेपाशी ही किल्ली चालत नाही. चेखवची १८९९ साली प्रसिद्ध झालेली ‘दुशेच्का’ हे त्याचे उत्तम उदाहरण.

या कथेतल्या ओलेंकाला स्वतःचे मत असे नाहीच. पहिला नवरा करमणुकीची बाग चालवतो, तेव्हा जगात नाटकापरते महत्त्वाचे काही नाही, असे ती सांगते. तो वारल्यावर लाकडाच्या वखारीवरच्या गृहस्थाशी तिचे लग्न होते. मग तिला स्वप्नेही फळ्यांची आणि तुळयांची पडतात आणि नाटक हा रिकामटेकड्यांचा उद्योग ठरतो. पुढे गुरांच्या डॉक्टरची मते तिची होतात. तोही दूर गेल्यावर पाऊस दिसला तरी त्याविषयी काय म्हणावे, हे तिला सुचत नाही. अखेर डॉक्टरच्या शाळकरी मुलाबरोबर ती बेटाची व्याख्या घोकते, आणि इतक्या वर्षांच्या मौनानंतर खात्रीने मांडलेले तिचे ते पहिले मत असते!

येथवर ही निव्वळ थट्टा वाटेल. पण कथेचा सूर ऐकावा. पहिल्या नवऱ्याच्या मृत्यूची तार येते, तीत अंत्यविधीसाठी असलेला शब्दच चुकीचा छापलेला असतो. आपल्याला हसू येते आणि त्याच क्षणी एका बाईचे घर कोसळते. निवेदक यातले काहीच अधोरेखित करीत नाही. शीर्षकाचेही तसेच. शेजारणी लाडाने तिला ज्या शब्दाने हाक मारतात, त्याच्या मुळाशी ‘आत्मा’ हा शब्द आहे. आणि जिला स्वतःचे असे अंतरंग नाही म्हणून आपण हसतो, तिलाच हे नाव मिळाले आहे.

गॉर्कीला ओलेंकात गुलामी वृत्ती दिसली. टॉल्स्टॉय मात्र ही कथा मोठ्याने वाचून दाखवीत. शाप द्यायला निघालेल्या बायबलमधल्या बलामाच्या मुखातून आशीर्वाद निघाला, तसे चेखवचे झाले, असे त्यांनी लिहिले. मला वाटते, दोघांनी कथेचा एकेक डोळा मिटून घेतला.

माझी एक मावशी कोणत्याही प्रश्नाला ‘आमच्यांचं म्हणणं असं की...’ अशी सुरुवात करी. मावसोबा गेल्यानंतर ती काही महिने वाक्येच सुरू करीना. मग हळूहळू ‘आमच्या बाळूचं म्हणणं’ सुरू झाले. घरातले तरुण यावर हसत. तिला स्वतःचे म्हणणे असावे, यासाठी आयुष्यभरात कोणी जागा ठेवली होती, हा प्रश्न मात्र कुणाला पडला नाही. तिने जीव लावलेली माणसे मोजायला बसलो, तर आम्हा हसणाऱ्यांपैकी एकाचीही यादी तिच्याएवढी भरणार नाही. पण एवढ्याने तिचे ते मुकेपण भरून निघाले, असेही मला म्हणवत नाही.

चेखव या दोन्ही गोष्टी एकाच वाक्यात राहू देतो. म्हणूनच ओलेंका नमुना न राहता माणूस होते. उपरोध म्हणजे उलटा अर्थ नव्हे. दोन खरे अर्थ एकमेकांना न खोडता शेजारी नांदू देण्याचा तो संयम आहे. वाचकाकडून अपेक्षा एवढीच, की हसू आले म्हणून निकाल लागला असे त्याने समजू नये.