२० मार्च : ठरावापासून तळ्यापर्यंत

आमच्या कचेरीच्या भिंतीवरील कॅलेंडरात २० मार्च हा दिवस काळ्या शाईत असतो. त्या दिवशी सुट्टी नसते, सण नसतो. म्हणून महाडला जायचे म्हणजे किरकोळ रजेचा अर्ज द्यावा लागतो. अर्जात 'रजेचे कारण' असा एक रकाना असतो. त्यात आम्ही कितीतरी वर्षे 'घरगुती काम' असे लिहीत आलो. यंदा मात्र हात थांबला. ज्या दिवशी आपल्या वाडवडिलांनी भर दिवसा, साऱ्या गावासमोर तळ्यात उतरून पाणी प्राशन केले, तो दिवस आम्ही 'घरगुती काम' म्हणून का लपवावा? आम्ही सरळ लिहिले : 'महाड येथे चवदार तळ्यावर अभिवादनासाठी.' साहेबांनी अर्ज वाचला, एकदा वर पाहिले आणि सही केली. एवढेच झाले. पण तेवढे एक वाक्य लिहिण्यास आम्हाला वीस वर्षांची नोकरी लागली, हेही वाचकांपासून लपवीत नाही.

१९ तारखेला रात्री साडेदहा वाजता आमच्या वसाहतीच्या विहारासमोरून बस सुटली. माणशी वर्गणी काढून गाडी ठरविली होती. सफाई खात्यातील तिघे-चौघे, रिक्षा चालविणारे दोन तरुण, महिला मंडळाच्या भगिनी, शाळेत जाणारी मुले आणि सत्तरी गाठलेली आमची आई असा सगळा परिवार होता. भाकरी, सुकट, लसणाची चटणी यांची गाठोडी होती. त्रिसरण-पंचशील घेऊन निघालो आणि वडखळ मागे पडेपर्यंत भीमगीतांचा आवाज खाली आला नाही.

आम्ही कारकून माणसे. कागद आणि तारीख यांच्याशिवाय आमचे पान हलत नाही. महाडच्या तारखांची एक वही आम्ही करून ठेवली आहे. गाणी थांबल्यावर मुलांनी आग्रह धरला म्हणून गाडीतल्या दिव्याखाली ती वाचू लागलो.

पहिली नोंद ४ ऑगस्ट १९२३ ची. त्या दिवशी मुंबई कायदे कौन्सिलमध्ये रावबहादूर सीताराम केशव बोले यांचा ठराव मंजूर झाला. सरकारी किंवा सार्वजनिक पैशातून बांधलेले पाणवठे, विहिरी, धर्मशाळा तसेच शाळा, दवाखाने, कचेऱ्या अस्पृश्यांना खुल्या कराव्यात, असा तो ठराव. दुसरी नोंद जानेवारी १९२४ ची. महाड नगरपालिकेने आपले चवदार तळे सर्वांना खुले असल्याचा ठराव केला. म्हणजे वर कौन्सिलचा कागद आणि खाली नगरपालिकेचा कागद, दोन्ही तयार होते. तरी त्या तळ्यावर आपला एकही माणूस पाण्यासाठी गेला नाही. जाऊच शकत नव्हता. १९२४ गेले, १९२५ गेले, १९२६ गेले.

आई खिडकीशी डोळे मिटून बसली होती. आम्हाला वाटले झोपली. ती म्हणाली, "म्हंजी परवानगी आली, पर पानी न्हाई आलं."

आमची सारी वही तिने एका वाक्यात वाचली.

माणगाव सोडून लोणेरे आले तेव्हा फटफटू लागले होते. महामार्गालगत बाबासाहेबांच्या नावाचे तंत्रशास्त्र विद्यापीठ आहे. त्याची पाटी दिसताच मुलांनी गाडीत घोषणा दिल्या. पुढे दासगाव. आज गाडी तेथून भर्रकन निघून जाते. पण १९२७ च्या डिसेंबरात बाबासाहेब मुंबईहून 'पद्मावती' बोटीने निघून याच दासगावच्या बंदरावर उतरले आणि तेथून सत्याग्रहींसह पायी महाडला गेले. पाच मैलांची ती वाट.

महाड तीनेक किलोमीटरवर असताना आम्ही गाडी थांबविली. डाव्या हाताला डोंगरात गांधारपालेची बौद्ध लेणी आहेत. तीसच्या आसपास लेणी, दोन हजार वर्षांच्या जवळपासची. पायऱ्या चढून वर गेले की खाली सावित्री आणि गांधारी यांचे खोरे दिसते. येथील एका शिलालेखात एका राजकुमाराने लेणे, चैत्यगृह आणि भिक्खूंच्या खोल्या यांच्याबरोबर पाण्याची टाकीही दान दिल्याची नोंद आहे. त्या काळच्या लेखांत अशा टाक्याला 'पोढी' म्हणत. कातळ फोडून टाके करायचे, त्यात पावसाचे पाणी साठवायचे आणि ते दान म्हणून द्यायचे! आम्ही तेथे वंदना घेतली. मुले टाक्यात वाकून पाहत होती. ज्या खोऱ्यात पाण्याचे दान दगडावर कोरले गेले, त्याच खोऱ्यात मार्च १९२७ च्या परिषदेसाठी सवर्णांकडून चाळीस रुपयांचे पाणी विकत घ्यावे लागले होते. परिषदेच्या जागी अस्पृश्यांना पाणी मिळण्याची सोयच नव्हती. त्या काळचे चाळीस रुपये! मजुरी करणाऱ्या आमच्या माणसांना त्याचा अर्थ वेगळा सांगावा लागला नाही.

महाडमध्ये शिरलो तेव्हा ऊन चढले होते. एस.टी., जीप, ट्रक यांची रांग लागलेली. रत्नागिरी, पुणे, सातारा, मुंबई, जिकडून तिकडून पांढऱ्या कपड्यांतील माणसे. समता सैनिक दलाचे जवान गर्दीला वाट करून देत होते. पुस्तकांच्या स्टॉलवर मुलांची झुंबड होती.

चवदार तळे गावाच्या मध्यवस्तीत आहे. चारी बाजूंनी घरे, काठाला पायऱ्या आणि तळ्यापाशी बाबासाहेबांचा पुतळा. प्रथम पाहणाऱ्याला वाटते, एवढेसे तळे! याच्यासाठी डोकी फुटली? आमची सातवीतली पुतणी तेच म्हणाली. "काका, पाणी तर आपल्या नळालाही येते. आणि हे तर पिण्यासारखे दिसतही नाही. मग एवढ्या लांब कशाला?"

प्रश्न रास्त होता. आम्ही तिला सांगितले की, याचे उत्तर बाबासाहेबांनीच २५ डिसेंबर १९२७ च्या भाषणात देऊन ठेवले आहे. हे पाणी प्यायल्याने आपण अमर होणार नाही आणि आजवर ते प्यालो नाही म्हणून मेलोही नाही. इतरांसारखी आपणही माणसे आहोत हे ठरविण्यासाठी या तळ्यावर जायचे, असा त्यांचा आशय होता. त्याच भाषणात त्यांनी या सभेची तुलना १७८९ सालच्या फ्रान्समधील राष्ट्रीय सभेशी केली. म्हणजे एका लहान गावातल्या तळ्याकाठी उभे राहून ते साऱ्या जगाची तारीख डोळ्यांपुढे ठेवीत होते.

२० मार्च १९२७ हा रविवार होता. कुलाबा जिल्हा बहिष्कृत परिषदेचा दुसरा दिवस. परिषदेसाठी गावोगाव फिरणाऱ्यांत विशीतले रामचंद्र बाबाजी मोरे होते. नगरपालिकेचे सुरबानाना टिपणीस, अनंतराव चित्रे, बापूसाहेब सहस्रबुद्धे असे समतेची चाड असलेले सवर्णही बरोबर होते. परिषदेचे काम आटोपताच सारा समुदाय शिस्तीने तळ्याकडे निघाला. बाबासाहेबांनी प्रथम ओंजळ भरली आणि मागोमाग हजारोंनी. तीन वर्षे जो ठराव दप्तरात पडून होता तो त्या दिवशी माणसांच्या पायांनी चालत तळ्यावर पोचला.

पुढचे ठाऊकच आहे. हे लोक आता वीरेश्वराच्या देवळात शिरणार अशी हूल उठविली गेली. परतीच्या वाटेवर असलेल्या, मंडपात भाकरी खात बसलेल्या माणसांवर लाठ्या चालल्या. वीसएक जणांना गंभीर दुखापत झाली. काहींना मुसलमान बांधवांनी घरात आसरा दिला. आपली माणसे संख्येने कमी नव्हती, पण बाबासाहेबांनी हात उचलू दिला नाही. नंतर तळ्याची 'शुद्धी' झाली. १०८ घागरी पाणी बाहेर काढले आणि शेण, गोमूत्र, दूध, दही घालून मंत्र म्हटले. शेणाने शुद्ध होणारे पाणी माणसाच्या हाताने बाटते!

आणि आता आमच्या वहीतली एक नोंद लक्ष देऊन वाचावी. ४ ऑगस्ट १९२७. या दिवशी महाड नगरपालिकेने १९२४ चा आपला ठराव रद्द केला. तारीख पुन्हा पाहा. बोले यांचा ठराव ४ ऑगस्टचा आणि तळे बंद करणारा ठरावही ४ ऑगस्टचाच. मधे बरोबर चार वर्षे. कागदाने दिलेले कागदानेच काढून घेतले, तेही त्याच तारखेला. ४ ऑगस्ट आमच्या लोकांत कोणी पाळीत नाही. २० मार्च मात्र घराघरांत पाळला जातो. का, ते आम्हाला त्या पायऱ्यांवर उमगले. ठराव फिरविता येतो. पण हजारो माणसे पाणी प्यायली, ही गोष्ट कोणत्या ठरावाने रद्द करणार?

आई पायरीवर बसून पाण्याला हात लावीत होती. बसल्याबसल्या ती माहेरची गोष्ट सांगू लागली. १९७२ च्या दुष्काळात ती सोळा-सतरा वर्षांची होती. गावात सार्वजनिक विहीर होती आणि ती सर्वांस खुली असल्याची पाटीही होती. पाटी होती तरी आमच्या आळीच्या बाया घागरी मांडून खाली बसत. कोणाला दया आली तर वरून पाणी ओतत. एके सकाळी आईची आत्या उठली, नीट वर गेली आणि तिने दोर सोडून स्वतः घागर ओढली. तिच्यामागून आई. शिवीगाळ झाली. कित्येक दिवस कोणी शेतावर कामाला बोलावले नाही. दुष्काळी कामावर सरकारी हजेरी होती म्हणून चूल पेटत राहिली. पण त्या दिवसापासून घागरी खाली मांडणे बंद झाले ते कायमचे.

आम्ही खिशातून पेन काढले. "आई, तारीख कोणती होती ग?"

"तारीख कुनाला ठावं, बाळा? घागर भरली एवढं ठावं."

आमच्या वहीत त्या नोंदीपुढे जागा रिकामी आहे. अशा किती रिकाम्या जागा महाराष्ट्रात गावोगाव असतील!

दुपारी क्रांतिस्तंभापाशी गेलो. २५ डिसेंबर १९२७ च्या परिषदेला कोणी हिंदू जागा देईना, तेव्हा फत्तेखान नावाच्या मुसलमान गृहस्थांनी आपली जागा दिली. त्याच रात्री तेथे मनुस्मृती जाळली गेली. ठराव सहस्रबुद्धे यांनी मांडला होता, आणि ते जन्माने ब्राह्मण होते हे मुलांना मुद्दाम सांगितले. स्त्रियांपुढेही बाबासाहेबांचे वेगळे भाषण झाले. स्वच्छ राहा, नीट नेसा, मुलामुलींना शाळेत घाला, असे त्यांनी सांगितले. पण त्या वेळी तळ्यावर पाणी प्यायले गेले नाही. कोर्टाने मनाईहुकूम दिला होता. मिरवणूक तळ्याभोवती गेली आणि शिस्तीने परतली. मग बाबासाहेब कोर्टात लढले. १७ मार्च १९३७ रोजी मुंबई हायकोर्टाचा निकाल आपल्या बाजूने लागला. तळ्यापासून अस्पृश्यांना दूर ठेवण्याची रूढी अतिप्राचीन आहे, हे वादींना सिद्ध करता आले नाही. दहा वर्षांना तीन दिवस कमी होते. म्हणजे बाबासाहेबांनी कागद टाकाऊ मानला नाही. आधी पाऊल, आणि मग त्या पावलाखाली भक्कम कागद, अशी त्यांची रीत होती.

परतीच्या गाडीत आम्ही हेच मोठ्या उत्साहाने सांगत होतो. तेव्हा आईने हळूच विचारले, "आन् तुमच्या त्या अभ्यासाच्या खोलीचं काय झालं?"

गाडीत शांतता पसरली. आमच्या विहार समितीने मुलांसाठी अभ्यासिका सुरू करण्याचा ठराव तीन वर्षांपूर्वी एकमताने मंजूर केला आहे. इतिवृत्त आमच्याच अक्षरात आहे, कारण चिटणीस आम्हीच. खोलीही आहे. तिला कुलूप असून आत मंडपाच्या कनाती, सतरंज्या आणि जयंतीचे बांबू आहेत. मुले जिन्यात बसून अभ्यास करतात. महाडच्या नगरपालिकेला आम्ही दिवसभर नावे ठेवली होती, आणि आमच्याही दप्तरात एक ठराव तसाच पडून होता. आमचे कुलूप तर कोणा सनातन्याने लावलेले नव्हते.

पुढच्या रविवारी आम्ही कुलूप काढले. बांबू गच्चीवर गेले. महिला मंडळाने खोली सारवल्यासारखी लख्ख केली. दोन ट्यूबलाइट लावल्या आणि जुनी चार बाके आणली. पहिल्या संध्याकाळी अकरा मुले आली. पुतणी सर्वांत पुढे होती. आता एक दिवसाआड आम्ही तेथे हिशेब आणि गणित शिकवतो. बी.कॉम. झाल्याचा एवढा तरी उपयोग व्हावा.

या घटनेची शताब्दी २०२७ सालची. महाडला अवश्य जा, मुलांना घेऊन जा, वाटेत गांधारपालेच्या पायऱ्याही चढा. पण परत आल्यावर दोन कामे करा. आपल्या विहाराचे, मंडळाचे इतिवृत्त काढून पाहा, कोणता ठराव कुलपात पडला आहे ते. आणि घरातल्या वडीलधाऱ्यांजवळ बसून विचारा, आपल्या गावच्या विहिरीवर पहिली घागर कोणी भरली? तारीख आठवली नाही तरी नाव लिहून ठेवा. आमच्या वहीत आईच्या आत्याचे नाव आम्ही २० मार्चच्या खालीच लिहिले आहे.

जयभीम!