गाडी दुरुस्त होते, चालवणाऱ्याचे काय?

मोटारसायकलचा अपघात झाला की घरातला पहिला प्रश्न असतो, "फार लागलं का?" 'नाही' असे उत्तर आले की सर्वांचा जीव भांड्यात पडतो आणि लगेच दुसरा प्रश्न येतो, "चूक कोणाची?" बहुतेक घरांत याचे उत्तर ठरलेले असते. चूक रिक्षावाल्याची, ट्रकवाल्याची, खड्ड्याची, मध्येच आडव्या आलेल्या कुत्र्याची. आपल्या मुलाची ती कधीच नसते. पुष्कळदा हे उत्तर खरेही असते. पण ते मिळाले की घरचे निश्चिंत होतात. गाडी गॅरेजमध्ये जाते, बिल भरले जाते आणि पंधरा दिवसांनी तोच मुलगा त्याच रस्त्यावर, त्याच पद्धतीने गाडी चालवू लागतो.

पुण्यातल्या एका कुटुंबातही असेच झाले असते. वडील निवृत्तीला आलेले, मुलगा एकवीस वर्षांचा, पदवीच्या शेवटच्या वर्षाला, मुलगी बारावीत. एके संध्याकाळी मुलगा बहिणीला क्लासहून घरी आणत होता. दिवेलागणीची वेळ होती. समोरून येणारी रिक्षा इशारा न देता एकदम उजवीकडे वळली. मुलाने जिवाच्या आकांताने ब्रेक दाबला, मागचे चाक घसरले आणि गाडी रिक्षाच्या कुशीवर जाऊन आदळली. मुलाच्या डोक्यावर हेल्मेट होते, त्याचे खरचटण्यावर निभावले. बहिणीच्या डोक्यावर काही नव्हते. तिच्या कपाळाला नऊ टाके पडले, उजव्या खांद्याजवळचे हाड मोडले आणि परीक्षा तर तोंडावर आली होती.

चूक रिक्षावाल्याची होती, याबद्दल कोणाचेच दुमत नव्हते. खुद्द रिक्षावाल्याचेही नव्हते.

गॅरेजमधली उलटतपासणी

अपघातानंतर गाडी लगेच खोलायला देऊ नये, एवढी माहिती वडिलांना होती. आधी विमा कंपनीला कळवावे, सर्वेक्षकाने गाडी पाहावी, मगच हत्यार लावावे. कायद्याने सक्तीचा असलेला विमा फक्त दुसऱ्याच्या नुकसानीचा असतो. आपल्या गाडीच्या नुकसानीसाठी वेगळा विमा घ्यावा लागतो. तो असला तरी रबर, प्लॅस्टिक आणि टायरच्या किमतीतून सर्वसाधारणपणे निम्मी रक्कम घसाऱ्यापोटी कापली जाते. हे सोपस्कार उरकून बापलेक गॅरेजमध्ये पोहोचले, तेव्हा मिस्त्रीने गाडी उघडून ठेवली होती.

"साहेब, पुढच्या शॉकअपचे दोन्ही पाइप वाकलेत. टी पण किंचित गेलीय. रिम आउट आहे. हँडल, हेडलाइट, फूटरेस्ट नवीन लागतील. सामान नाना पेठेतून आणतो."

"पाइप सरळ करून नाही मिळणार?" वडिलांनी विचारले.

"मिळतील की! प्रेसवर दाबून देतात. पैसेही बरेच वाचतील. पण माझ्या मुलाच्या गाडीला मी तसले पाइप बसवणार नाही."

एकदा वाकलेला पाइप सरळ दिसला तरी त्याची ताकद पहिल्यासारखी राहिली असेलच, याची खात्री कोणी देऊ शकत नाही. शिवाय पाइपावरचा मुलामा दुखावला की सील लवकर फाटते आणि तेल गळू लागते. वडिलांनी नव्या पाइपांना होकार दिला. खरे म्हणजे विषय इथेच संपायचा. पण मिस्त्रीने पुढचे टायर उचलून त्यांच्यासमोर धरले.

"हे बघा. नक्षी राहिलीच नाही. आणि ही पुढच्या ब्रेकची केबल. लिव्हर दाबली तर पार मुठीला टेकते. आता हे मागचं टायर बघा, एकाच जागी घासलंय. म्हणजे मागचं चाक जाम होऊन फरफटत गेलं. बेटा, तू पुढचा ब्रेक धरलाच नाहीस ना?"

"काका, पुढचा ब्रेक दाबला की गाडी उलटते असं सगळेच सांगतात," मुलगा म्हणाला.

"सगळे म्हणजे कोण?"

मुलाला उत्तर देता आले नाही. मोटारसायकल त्याला मामेभावाने शिकवली होती आणि मामेभावाला त्याच्या मित्राने. वडीलही गप्प झाले. मागच्या सर्व्हिसिंगच्या वेळी मिस्त्रीने टायर बदलायला सांगितले होते आणि 'पुढच्या महिन्यात बघू' असे म्हणणारे तेच होते.

दोन सेकंदांचा खेळ

ब्रेक दाबला की गाडीचे वजन पुढच्या चाकावर येते आणि मागचे चाक हलके होते. म्हणूनच थांबवण्याची बरीचशी ताकद पुढच्या ब्रेकमध्ये असते. तो झटक्याने आवळला, हँडल वळलेले असले किंवा रस्त्यावर वाळू असली, तर गाडी घसरते हे खरे. पण त्यावर उपाय ब्रेक विसरण्याचा नाही. सरळ रस्त्यावर, कमी वेगात, दोन्ही ब्रेक हळूहळू वाढत्या जोराने दाबण्याचा सराव करावा लागतो. २०१९ च्या एप्रिलपासून १२५ सीसीपर्यंतच्या नव्या दुचाकींना एक ब्रेक दाबला तरी दोन्ही चाकांवर काम करणारी यंत्रणा किंवा एबीएस, आणि त्याहून मोठ्या गाड्यांना एबीएस सक्तीचे झाले, ते याच कारणाने. एबीएस चाकाला जाम होऊ देत नाही. या मुलाची गाडी २०१६ सालची होती. तिच्यात यातले काहीच नव्हते.

आता वेगाचा हिशेब पाहू. ताशी ६० किलोमीटर वेगाची गाडी एका सेकंदात जवळजवळ १७ मीटर जाते. धोका दिसून हात ब्रेकपर्यंत पोहोचायला एक सेकंद सहज लागतो. त्यानंतर चांगले टायर आणि दोन्ही ब्रेक असले तरी थांबायला आणखी वीस-पंचवीस मीटर लागतात. हाच वेग ताशी ४० असेल, तर एकूण वीस-बावीस मीटरमध्ये गाडी उभी राहते. वेग दीडपट झाला की थांबण्याचे अंतर जवळपास दुप्पट होते. मुलाने आधी वेग 'चाळीस-पंचेचाळीस' सांगितला होता. गॅरेजमधून परतताना तो वडिलांना म्हणाला, "बाबा, साठ असेल. क्लास उशिरा सुटला होता."

या वादावर जगात जे महत्त्वाचे अभ्यास झाले, त्यातला एक अमेरिकेतला आहे. साउदर्न कॅलिफोर्निया विद्यापीठातील हॅरी हर्ट आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी लॉस एंजेलिस परिसरातील मोटारसायकलच्या ९०० अपघातांची बारकाईने तपासणी केली आणि पोलिसांचे ३,६०० अहवाल चाळले. त्यांचा अहवाल १९८१ मध्ये प्रसिद्ध झाला. मोटारसायकलची दुसऱ्या वाहनाशी टक्कर झाली, अशा अपघातांत सुमारे दोनतृतीयांश वेळा चूक त्या दुसऱ्या वाहनाची निघाली. त्याने मोटारसायकलचा वाट मिळण्याचा हक्क मोडला होता, बहुधा ती त्याला दिसलीच नव्हती. पुण्यातल्या त्या रिक्षासारखेच!

पण अहवाल एवढ्यावर थांबत नाही. टक्कर टाळण्यासाठी चालकाला साधारणपणे दोन सेकंदसुद्धा मिळत नाहीत आणि तेवढ्या वेळात बहुतेक जण मागचा ब्रेक जास्त दाबून चाक घसरवतात, पुढचा मात्र पुरेसा वापरत नाहीत, असे त्यात आढळले. अपघातात सापडलेल्यांपैकी ९२ टक्के लोक स्वतःच किंवा घरच्यांकडून, मित्रांकडून गाडी शिकले होते. म्हणजे चूक समोरच्याची असली, तरी जखम टाळण्याची शेवटची संधी चालकाच्या हाती होती आणि ती वापरायला त्याला कोणी शिकवलेच नव्हते.

दिसण्याचा मुद्दाही तितकाच महत्त्वाचा आहे. २०१७ च्या एप्रिलपासून नव्या दुचाकींचा हेडलाइट इंजिन सुरू होताच आपोआप लागतो. दिवसाही दिवा कशाला, म्हणून अनेकांना तो खटकला. पण समोरच्याला आपण दिसावे, हाच त्याचा हेतू आहे. या मुलाने तर दिवेलागणीलाही बटण दाबले नव्हते.

दुसरे हेल्मेट कपाटावर

रात्री जेवताना घरात पुन्हा तोच वाद रंगला. आईचा राग रिक्षावाल्यावर होता. काका नुकसानभरपाईच्या दाव्याबद्दल बोलत होते. तेव्हा हात गळ्यात अडकवून बसलेल्या मुलीने विचारले, "ते सगळं ठीक आहे. पण माझं हेल्मेट कुठं होतं?"

दुसरे हेल्मेट घरातच होते. कपाटावर, दुकानातून आणले त्याच पिशवीत.

मोटार वाहन कायदा १९८८ च्या कलम १२९ नुसार हेल्मेट चालवणाऱ्याला जितके सक्तीचे आहे, तितकेच मागे बसणाऱ्यालाही. तरी 'जवळच तर जायचंय', 'केस विस्कटतात', 'मागे बसणाऱ्याला कोण विचारतो' या सबबी घरोघरी ऐकू येतात. पुण्यात १ जानेवारी २०१९ पासून पोलिसांनी हेल्मेटची अंमलबजावणी कडक केली, तेव्हा विरोध करण्यासाठी लोक रस्त्यावर उतरले होते. शहरातल्या वेगात हेल्मेटची गरजच काय, असा त्यांचा सवाल होता. केंद्र सरकारच्या आकडेवारीनुसार २०२२ मध्ये देशात रस्ते अपघातांत १,६८,४९१ माणसे दगावली. त्यात हेल्मेट न घातलेले ५०,०२९ जण होते आणि त्यांतले १४,३३७ मागे बसलेले होते. हे मागे बसलेले कोण असतात? बहीण, पत्नी, आई, मित्र. गाडीचा वेग, ब्रेक, टायर यांतले काहीच त्यांच्या हाती नसते. ते फक्त विश्वासाने बसलेले असतात.

मुलाने घातलेले हेल्मेट बाहेरून धड दिसत होते. मिस्त्रीने तेही टाकून द्यायला सांगितले. हेल्मेटच्या आतला थर्माकोलसारखा थर एकदाच दबून धक्का शोषतो. गाडीचे पाइप बदलता येतात, तसा त्याचा उपयोग पुन्हा होत नाही.

किल्ली देण्यापूर्वी

चूक कोणाची हे पोलीस आणि न्यायालये ठरवतात. मोटार अपघात दावा न्यायाधिकरणही चालकाचा स्वतःचा निष्काळजीपणा दिसला, तर त्या प्रमाणात त्याची भरपाई कमी करू शकते. जबाबदारी मात्र अपघाताच्या आधीच सुरू झालेली असते आणि ती चालवणाऱ्याबरोबर घराचीही असते. टायर बदलणे पुढे ढकलणारे वडील, उशीर झाला म्हणून घाई करायला लावणारे घरचे, परवाना नसलेल्या मुलाच्या हातात कौतुकाने किल्ली देणारे पालक, हे सगळे त्यात येतात. २०१९ च्या दुरुस्तीने कायद्यानेही हे मान्य केले. अठरा वर्षांखालील मुलाने वाहन चालवून गुन्हा केला, तर पालकाला किंवा मालकाला तीन वर्षांपर्यंत तुरुंगवास आणि २५,००० रुपये दंड होऊ शकतो. वाहनाची नोंदणी बारा महिने रद्द होते आणि त्या मुलाला पंचवीस वर्षांचा होईपर्यंत परवाना मिळत नाही.

दुरुस्त गाडी ताब्यात घेतानाही केवळ रंग आणि चकाकी पाहून समाधान मानू नये. पुढचे चाक उचलून हँडल एका टोकापासून दुसऱ्या टोकापर्यंत हळू फिरवावे. मध्ये अडकले, तर आतल्या बॉलरेसला मार बसला आहे असे समजावे. पुढचा ब्रेक धरून शॉकअप दाबावेत, ते न अडखळता वर यायला हवेत. चाक गरगर फिरवून ते डगमगते का, हे पाहावे. सरळ रस्त्यावर हळू चालवताना हँडल सरळ असूनही गाडी एका बाजूला ओढत असेल, तर ती तिथूनच परत न्यावी. जुने टायर आणि केबल बदलल्या की नाहीत, हे तोंडी न विचारता डोळ्यांनी पाहावे.

एवढे झाल्यावर चालवणाऱ्याकडे वळावे. मुलाला रविवारी सकाळी मोकळ्या मैदानावर नेऊन दोन्ही ब्रेकने थांबण्याचा सराव करायला लावणे, यात कसलाही कमीपणा नाही. या मुलाने तसा सराव केला. मिस्त्री स्वतः उभा राहून 'आणखी हळू, आणखी हळू' म्हणत होता. बहिणीने परीक्षा लेखनिकाच्या मदतीने दिली. भावाच्या गाडीवर ती पुन्हा बसली, ती दुसरे हेल्मेट स्वतः पिशवीतून काढून, पट्टा लावल्यावरच.

घरोघरी किल्ली देताना 'सावकाश जा रे' असे म्हटले जाते. त्याच दमात आणखी दोन प्रश्न विचारायला हवेत, "टायरमधली हवा पाहिलीस का?" आणि "मागे कोण बसणार आहे? त्याचं हेल्मेट घेतलंस का?"